पर्चा, पिशवी आणि पोट

“औषधं कोणती चालू आहेत?” वॉर्डात हा प्रश्न दिवसभर विचारला जातो आणि त्याचं पूर्ण उत्तर क्वचितच मिळतं. माणसं खोटं बोलतात असं नाही, पण ‘औषध’ कशाला म्हणायचं हे प्रत्येक घरात वेगळं ठरलेलं असतं. बीपीची गोळी औषध. गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली गोळी मात्र “ती काय, दुखलं तरच घेते”. काचबिंदूचे थेंब डोळ्यात जातात, म्हणून ते मोजायचे नाहीत. इन्सुलिन हे ‘इंजेक्शन’. झोपेच्या गोळीचं नाव सुनेसमोर निघत नाही. आणि वैद्यांच्या काढ्याचा विषय डॉक्टरांपुढे काढायचाच नसतो.

इंदूरला यात भाषेची भर पडते. रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या काकू घरात मराठी बोलतात, पर्चा म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत असते, डॉक्टर हिंदीत समजावतात आणि मेडिकलवाला पाकिटावर ‘सुबह-शाम’ लिहून देतो. गोळी तीन भाषा ओलांडून तोंडापर्यंत पोहोचते. वाटेत काय काय सांडतं ते पुढे येईलच.

नर्सने औषधं तपासायची म्हणजे तीन याद्या शेजारी ठेवायच्या: पर्च्यावर काय लिहिलंय, पिशवीत काय आहे आणि पोटात खरोखर काय जातंय. डॉक्टर पर्चा बघतात, फार्मासिस्ट डबा बघतो. तिन्ही गोष्टी एकाच जागी बघायला मिळतात त्या बहुतेक वेळा वॉर्डातल्या सिस्टरलाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘हाय ५’ प्रकल्पात ही यादी भरतीपासून २४ तासांत तयार करावी असं ठरवलं होतं. कागदावर ते ठीक आहे. प्रत्यक्षात दुपारी ४ ला भरती झालेल्या रुग्णाची रात्रीची गोळी ८ ला असते, म्हणून निदान धोक्याची औषधं पहिल्याच ड्युटीत नक्की करावी लागतात: रक्त पातळ करणारी, साखरेची, हृदयाची, फिटची, स्टिरॉइड आणि झोपेची. उरलेली यादी सकाळपर्यंत पूर्ण केली तरी चालते. एकाच माणसाच्या सांगण्यावर यादी करायची नाही, कमीत कमी दोन ठिकाणांहून पडताळायची: रुग्ण किंवा नातेवाईक, पिशवी, जुनं डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं. माझ्या मते बिलं सगळ्यात प्रामाणिक. त्यांच्यावर तारीखही असते आणि किती गोळ्या घेतल्या तेही असतं.

नातेवाइकाला “औषधं घेऊन या” एवढंच सांगितलं तर तो पर्चा आणतो. त्याला जागा सांगाव्या लागतात: फ्रीजच्या दारातलं, देवघराशेजारच्या डब्यातलं, उशीखालचं, पर्समधलं, संपत आलेलं, बंद केलेलं, सगळं एका पिशवीत घाला आणि तशीच आणा. निवडू नका. निवडायला बसलं की नेमकं तेच घरी राहतं जे बघायचं असतं.

पिशवी ट्रेमध्ये उलटी करायची आणि एकेक स्ट्रिप हातात घ्यायची. समोरचं ठळक नाव कंपनीचं. आपल्याला मागच्या फॉइलवरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव हवं, मिलिग्रॅम हवेत आणि मुदत हवी. अर्धी कापलेली स्ट्रिप असेल तर अनेकदा नावाचाच तुकडा गेलेला असतो. अशी गोळी रंगावरून ओळखायची नाही. आर. एन. टी. मार्गावरच्या दवा बाजारातून महिन्याचा साठा स्वस्तात आणणारी घरं इंदूरला पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, पण दर महिन्याला तेच औषध वेगळ्या कंपनीचं येतं आणि मागच्या महिन्याची गुलाबी गोळी या महिन्यात पांढरी होते. “पांढरी बीपीची, गुलाबी शुगरची” ही घरातली खूण तिथेच मोडते.

मग मोजणी. बिल २० दिवसांपूर्वीचं, गोळ्या ३०, रोज १, म्हणजे १० उरायला हव्यात. २२ असतील तर वीस दिवसांत आठच पोटात गेल्या. हे महत्त्वाचं अशासाठी, की घरी बीपी वाढलेलं दिसलं म्हणून डॉक्टरांनी डोस दुप्पट केलेला असतो. वॉर्डात सिस्टर तो दुप्पट डोस नेमाने रोज देते आणि तिसऱ्या दिवशी रुग्ण बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतो. “विसरता का?” असं विचारलं की उत्तर “छे!” येतं. “आठवड्यातून साधारण किती दिवस राहून जाते?” असं विचारलं तर आकडा मिळतो.

आता एक पिशवी नीट उघडून बघू. नमुन्यासाठी मांडलेली आहे, पण यातली एकही गोष्ट वॉर्डातल्या माणसाला नवी वाटणार नाही. एक काकू, वय ७२, वजन ४८ किलो, बीपी, मधुमेह, हृदयाचे ठोके अनियमित. तक्रार: चक्कर, भूक नाही, मळमळ. नाडी ५४. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.४, ज्याला घरचे “थोडंसंच वाढलंय” म्हणतात. पर्च्यावर पाच औषधं आहेत, पिशवीतून दहा निघतात.

पहिली स्ट्रिप बीपीची, टेल्मिसार्टन ४०, नावापुढे ‘एच’. हा एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवी वाढवणारं दुसरं औषध त्याच गोळीत. दुसरी स्ट्रिप जनऔषधी केंद्रातली, तिच्यावर सरळ टेल्मिसार्टन ४०. मुलाने स्वस्त पडते म्हणून आणली, काकूंना वाटलं नवी गोळी लावली. दोन्ही सकाळी जातात. ही चूक सतत होते आणि दोष कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही, कारण दोन्ही पाकिटं खरी, दोन्हींना बिल, दोन्हींची मुदत बाकी.

तिसरी साखरेची, ग्लिमेपिराइड, पुढे ‘एम १’. म्हणजे ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन, बहुधा ५०० मिलिग्रॅम. चौथी जुन्या पर्च्यावरची सुटी मेटफॉर्मिन ५०० एसआर (पोटात हळूहळू सुटणारी). दोन्ही दिवसातून दोनदा, एकूण मेटफॉर्मिन २००० मिलिग्रॅम. ही शेपटी-अक्षरं वाचायची सवय लावून घ्यावी लागते. अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्राझोलपुढे ‘डी’ असेल तर आत मळमळीचं डॉम्पेरिडोन असतं. टेल्मिसार्टनपुढे ‘एएम’ असेल तर बीपीचंच दुसरं औषध, अ‍ॅमलोडिपिन. पण सगळ्या कंपन्यांचं अक्षर एकच असेल असं नाही. कुठे ‘एम’ म्हणजे मेटफॉर्मिन, कुठे मेटोप्रोलॉल. म्हणून अक्षरावर विसंबायचं नाही, फॉइल उलटायची.

पाचवी हृदयाची, डिगॉक्सिन ०.२५. पर्च्यावर शेजारी ‘५/७’ लिहिलंय. आपल्याकडे याचा अर्थ आठवड्यातले ५ दिवस घ्यायची, २ दिवस सुट्टी. काकूंच्या घरी ती तारीख ठरली, ५ जुलै. गोळी सातही दिवस चालू. सहावी असेनोकूमारॉल २ मिलिग्रॅम, रक्त पातळ राहण्यासाठी. सातवी गुडघ्यांची: असेक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. आठवी ती पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोन. नववी डोळ्यांचे टिमोलॉल थेंब. दहावी गोष्ट स्टीलच्या डबीत: खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा करायची पूड, दोन महिने रोज.

नाडी ५४ का? डिगॉक्सिन नाडी मंद करतं. टिमोलॉल थेंबातूनसुद्धा नाकावाटे रक्तात उतरतं आणि तेही नाडी मंद करतं, शिवाय दमा असेल तर श्वास अडवतं. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं दाबून धरला तर रक्तात कमी जातं. हे रुग्णाला कोणी सांगितलेलं नसतं. भूक जाणं आणि मळमळ हे डिगॉक्सिन अंगावर येत असल्याचं जुनं लक्षण. पुढे वस्तू पिवळसर दिसायला लागतात. अशा वेळी काकूंना “अ‍ॅसिडिटी झाली” म्हणून आणखी एक गोळी मिळते आणि पिशवीत अकरावी भर पडते.

क्रिएटिनिन १.४ हे खरंच थोडंसं आहे का? मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त साफ करतं याचा वय, वजन आणि बाई असणं (म्हणून ०.८५) धरून हिशोब केला: (१४० − ७२) × ४८ × ०.८५ भागिले (७२ × १.४), उत्तर येतं मिनिटाला सुमारे २७.५ मिली. लॅबच्या रिपोर्टवर छापलेला ईजीएफआर (याच क्षमतेचा दुसऱ्या सूत्राने काढलेला अंदाज) याच बाईचा ४० च्या आसपास दिसेल, कारण त्या सूत्रात वजन धरलेलं नसतं. म्हणून डॉक्टरांना सांगताना दोन्ही आकडे सांगायचे. मेटफॉर्मिनसाठी ईजीएफआर ४५ च्या खाली डोस पुन्हा बघायचा, ३० च्या खाली द्यायचंच नाही. ४० वर दिवसाला २००० तर नक्कीच नको. डिगॉक्सिन तर मुख्यतः मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं, त्यामुळे ४८ किलोच्या या बाईत ०.२५ रोज म्हणजे साठत जाणारच. आणि क्रिएटिनिन मुळात वाढलं कशाने? टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तिघं एकत्र आली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आखडतो. इथे टेल्मिसार्टन तर दुप्पट. रोग आणि औषध यांची सीमा कुठे आहे ते पिशवी बघितल्याशिवाय ठरवताच येत नाही.

पोटॅशियम बघायचं (साधारण ३.५ ते ५.०). थायाझाइड म्हणजे ती लघवीची गोळी ते उतरवते, ज्येष्ठमध रोज घेतलं तर तेही उतरवतं आणि बीपी चढवतं. टेल्मिसार्टन आणि थकलेलं मूत्रपिंड ते वाढवतात. निव्वळ परिणाम अंदाजाने सांगता येत नाही, रिपोर्टच हवा. पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिनचा विषार लवकर होतो. असेनोकूमारॉलबरोबर असेक्लोफेनॅक म्हणजे पोटातून रक्तस्रावाला आमंत्रण. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, किती (या आजारात बहुधा २ ते ३ ठेवतात), संडास काळी होते का, दात घासताना रक्त येतं का, हे तिथल्या तिथे विचारून लिहायचं. डॉम्पेरिडोन हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकतं, म्हणून ईसीजी करणाऱ्याला त्याची कल्पना द्यायची.

हे सगळं सापडल्यावर नर्सने काय करायचं याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. औषध कायमचं बंद करणं तिच्या हातात नाही. पण समोरचा डोस धोक्याचा वाटला तर तो थांबवून विचारणं तिच्या हातात आहे, आणि तेच तिचं काम. डिगॉक्सिनआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण १ मिनिट ठोके मोजायचे (१५ सेकंद गुणिले ४ नाही, ठोकेच अनियमित आहेत). ६० च्या खाली असतील तर डोस थांबवायचा आणि कळवायचं. कळवताना “सर, यांची औषधं जरा बघता का” असं बोलून उपयोग होत नाही, ते “हो, राउंडला बघतो” वर संपतं. “बेड १२, नाडी ५४, डिगॉक्सिन ०.२५ रोज जातंय, लिहिलंय ५/७, क्रिएटिनिन १.४, वजन ४८, भूक नाही. आजचा डोस थांबवलाय. पोटॅशियम आणि डिगॉक्सिनची पातळी पाठवू का?” याला उत्तर द्यावंच लागतं. फोनवर आदेश मिळाला तर लिहून तो वाचून दाखवायचा आणि आकडा सुटा करून म्हणायचा: एक-पाच, पंधरा. इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर एकच ऐकू येतात.

अ‍ॅलर्जीच्या रकान्यात नुसतं ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहिणं हे काम टाळणं आहे. कशाची, काय झालं होतं आणि कधी, हे लिहायचं. मळमळ ही अ‍ॅलर्जी नव्हे. अंगावर गांध्या, ओठ सुजणं, धाप लागणं ही. पेनिसिलिन म्हटल्यावर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडची गोळीही त्यातच आली, तिच्या नावात पेनिसिलिन दिसत नसलं तरी.

आता भाषेकडे. ‘दिन में दो बार’ हे मराठी कानाला ‘दिवसा दोनदा’ असं ऐकू येतं. गोळी सकाळी ८ ला आणि दुपारी १ ला जाते, मग पुढचे १९ तास काही नाही. म्हणून घड्याळ सांगायचं: सकाळी ८, रात्री ८. ‘एक दिन छोड़कर’ म्हणजे दिवसाआड, पण ‘दो दिन छोड़कर’ला प्रत्येकाचा अर्थ वेगळा, तिथे वार लिहून द्यावेत. पर्च्यावरचं ‘एचएस’ म्हणजे झोपताना. कोणी ते अर्ध्या ताकदीचं समजलेलं आहे. ‘१-०-१’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लोकांना बरंच कळतं, पण मधलं शून्य कधी कधी ‘दुपारी जेवण नाही’ असं वाचलं जातं.

आणि सगळ्यात घातक ‘कल’. हिंदीत काल आणि उद्या दोन्ही ‘कल’च. ऑपरेशनआधी रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची असते. मुलगा सांगतो, “वो गोली कल से बंद है.” कालपासून बंद केली, की उद्यापासून करणार? वाक्याच्या शेपटीवरून हिंदी भाषकाला कळतं. ड्युटी बदलतानाच्या घाईच्या हँडओव्हरमध्ये ‘कल से बंद’ एवढंच उरतं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कागदावर दोन जादा दिवस चढतात. मराठीत काल आणि उद्या हे वेगळे शब्द आहेत, ते वापरावेत. हिंदीत बोलावं लागलं तर तारीख बोलावी. “शेवटची गोळी कोणत्या तारखेला, किती वाजता घेतली?” या प्रश्नाला पर्याय नाही.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांना वार नसेल तर जीव जातो, आणि हे मी वाढवून सांगत नाही. संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर रक्तपेशी कोसळतात. आधी तोंडात फोड येतात, मग ताप. त्यात तिची २.५ मिलिग्रॅमची गोळी आणि सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅमची गोळी, दोन्ही बहुधा लहान आणि पिवळ्या. पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहायचं: ‘फक्त बुधवारी’. चार्टवर उरलेल्या सहा दिवसांच्या चौकटींवर फुल्या मारून टाकायच्या, म्हणजे नव्या सिस्टरच्या हातून सवयीने टिक होत नाही.

आपल्या लोकांना विचारायचा आणखी एक प्रश्न छापील फॉर्मवर कधी नसतो: उपवास कोणते करता? ग्लिमेपिराइड नाश्त्याआधी घ्यायची गोळी आहे. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही आणि सकाळी गोळी मात्र नेमाने घेतलेली, तर दुपारपर्यंत घाम, थरथर, बडबड. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दिसतच नाही, घाम तेवढा येतो. एकादशीचा प्रकार उलटा. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शिंगाडा हा काही उपवास नव्हे, साखरेची मेजवानीच. दोन्ही उपवासांना एकच सल्ला देता येत नाही. उपवास करू नका असं सांगून काकू ऐकणार नाहीत, त्यापेक्षा त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी म्हणजे नुसतं पोह्यांआधी नाही, चहाच्याही आधी. अर्धा ते एक तास पाण्याशिवाय काही नको, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून ४ तास लांब. इसबगोलही इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवलेलं बरं.

वॉर्डात देताना होणाऱ्या चुकांबद्दल पुस्तकं भरलेली आहेत, मी दोन-तीनच गोष्टींवर थांबते. औषध तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, डोस तयार करताना, रुग्णापाशी. रुग्णाची ओळख नाव आणि नोंदणी क्रमांक यांवरून, बेडवरून नाही. “तुम्ही कुलकर्णीकाकू ना?” असं विचारलं तर कमी ऐकू येणाऱ्या जोशीकाकूही “हो हो” म्हणतात. “काकू, पूर्ण नाव सांगा बरं” असं विचारायचं. शून्याचे नियम छोटे पण पक्के: ०.५ लिहायचं, नुसतं .५ नाही, १ लिहायचं, १.० नाही. इन्सुलिनच्या आकड्यापुढे इंग्रजी यू काढायचा नाही, तो शून्य दिसतो आणि १० चे १०० होतात. पूर्ण ‘युनिट’ लिहा.

इन्सुलिनचं गणित मात्र इथे सविस्तर देते, कारण आपल्या देशात दोन ताकदी शेजारीशेजारी नांदतात. साधारण वायल (औषधाची छोटी बाटली) मिलीला ४० युनिटची, पेनमधलं काट्रिज मिलीला १०० युनिटचं. काही वायलही १०० च्या असतात. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. १०० युनिटवालं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर ते अर्धा मिली म्हणजे ५० युनिट झालं, अडीच पट. उलट केलं, ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत, तर ०.२ मिली म्हणजे अवघे ८ युनिट. पहिल्यात रुग्ण बेशुद्ध होतो. दुसऱ्यात साखर उतरत नाही, डोस वाढवत नेला जातो आणि मग एखाद्या दिवशी बरोबर सिरिंज हातात येते. पेन बिघडलं म्हणून काट्रिजमधून सिरिंजने ओढणं ही याच चुकीची पायवाट. घरच्या माणसाला वायल आणि सिरिंज दोन्ही आणायला सांगून, त्यांच्या हाताने भरून दाखवायला लावायचं. पोटावर हात फिरवून बघायचा. एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर तिथलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, आणि जागा बदलताच साखर एकदम खाली येऊ शकते. दुधाळ इन्सुलिन तळहातांत हळू फिरवायचं, झटकायचं नाही. न उघडलेलं २ ते ८ अंशांत. चालू वायल साधारण २८ दिवस बाहेर चालते, पण मे महिन्यात ४० च्या वर पारा गेल्यावर ‘बाहेर’ म्हणजे खिडकीची कड नव्हे. फ्रीज नसेल तर माठाच्या गारव्याला ठेवा, फ्रीज असेल तर फ्रीझरजवळ नको.

इन्सुलिन, रक्त पातळ करणारं हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड यांची दुसऱ्या नर्सकडून तपासणी करतात ती खरी तेव्हाच, जेव्हा दुसरीने स्वतः चार्ट वाचून, स्वतः हिशोब करून आकडा सांगितला. “बघ गं, दहाच आहे ना?” असं विचारल्यावर ती दहाच बघते. हेपॅरिनच्या ५ मिलीच्या वायलमध्ये एकूण ५,००० युनिटही असतात आणि २५,०००ही, वायल दिसायला भावंडं. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिली अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. ते सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, म्हणून सलाइनमध्ये मिसळून, नीट हलवून, साधारण तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वेगाने, आणि अँप्यूल साध्या ट्रॉलीवर कधीच नाही.

राइल्स ट्यूबमधून (नाकावाटे जठरात जाणाऱ्या नळीतून) द्यायला गोळ्या कुटताना एसआर, एक्सआर, सीआर, एमआर अशी अक्षरं दिसली की खलबत्ता खाली ठेवायचा. बारा-चोवीस तासांचा डोस एकदम सुटतो. पँटोप्राझोलचं वरचं आवरण फोडलं तर जठरातल्या आम्लात ती निकामी होते. पर्याय विचारून घ्या: पातळ औषध, त्याच औषधाचं दुसरं रासायनिक रूप, इंजेक्शन.

दम्याच्या पंपात घालायच्या कॅप्सूल लोक पाण्याबरोबर गिळतात. “कॅप्सूल कशी घेता?” असं विचारलं तर “सकाळ-संध्याकाळ” उत्तर येतं, “घेऊन दाखवा” म्हटलं की कळतं.

मुलांच्या सिरपमध्ये ‘किती मिली’ हा अर्धाच प्रश्न. पॅरासिटामॉल ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमही मिळतं, २५०ही, आणि थेंबांत १ मिलीत १००. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ प्रमाणे १५० मिलिग्रॅम: पहिल्याचे ६ मिली, दुसऱ्याचे ३, थेंबांचे दीड. आई “६ मिली द्यायचं” एवढंच लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी घरात दुसरी बाटली असते. २०२५ मध्ये छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि मुलं दगावली. तेव्हापासून बाटलीचा बॅच नंबर टिपून ठेवणं किती गरजेचं आहे हे मध्य प्रदेशात कोणाला समजावावं लागत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकला-सर्दीची सिरपं देऊच नयेत. औषधाने त्रास झाल्याची नोंद नर्सही पाठवू शकते, घरचेही. भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४.

डिस्चार्जच्या दिवशी ही सगळी मेहनत वाया जायची शक्यता सगळ्यात जास्त. दुपारी बिल होतं, रिक्षा उभी, आणि नवा पर्चा जुन्या पिशवीत पडतो. नव्या पर्च्यावर काय घ्यायचं ते असतं, काय बंद झालं ते नसतं. म्हणून वेगळा कागद करायचा, मराठीत, तीन भागांत: चालू, बदललेली, बंद. बंद औषधापुढे कारण दोन शब्दांत आणि तारीख. आपल्या काकूंच्या कागदावर ‘बंद’ खाली काय काय येईल ते डॉक्टर ठरवतील, पण दोन टेल्मिसार्टनपैकी एक, सुटी मेटफॉर्मिन, गुडघ्याची गोळी आणि काढा यांच्याबद्दल काहीतरी ठरलेलं असलंच पाहिजे. बंद झालेल्या स्ट्रिप नातेवाइकांसमोर पिशवीतून बाहेर काढायच्या. “फेकू नका, महाग आहेत” असं म्हणतीलच. मग निदान वेगळ्या पाकिटात घालून त्यावर ‘बंद’ आणि तारीख लिहून मुलाच्या हातात द्यायच्या, काकूंच्या नाही.

“समजलं ना?” विचारायचं नाही. “काकू, उद्या सकाळी उठल्यावर काय काय घ्याल ते मला या पिशवीतून काढून दाखवा.” पहिल्या खेपेला हात बहुधा जुन्या पाकिटाकडेच जातो. तो पकडायचा, पुन्हा सांगायचं, पुन्हा काढायला लावायचं. तिसऱ्या दिवशी फोन करता आला तर करायचा, आणि तब्येत कशी आहे ते नंतर विचारायचं. आधी विचारायचं, गुडघा दुखतोय का, आणि दुखला तर काल काय घेतलंत.